पदूबाईंचा दमा

पदूबाई, परवा तुमच्या बाराव्याला मी तुमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. चहा आला. तुमच्या भावकीतले एक गृहस्थ, गळ्यात जाड साखळी असलेले, शेजारच्या खुर्चीवरून बाकीच्यांना सांगत होते, "गला काय होता म्हातारीचा! पन एक खोड होती. मनातला कोनाला सांगायची नाय. आता हे डाक्टर बसलेत, इचारा यांना. तीस वर्सांचे डाक्टर, यांच्यापासून पन दमा लपवला तिनं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कप तोंडाला लावला. त्यातला चहा केव्हाच संपला होता.

तुम्ही होतात तोवर आठ वर्षं मी हेच करत आलो. तुम्ही गेल्यावरही तेच केलं. घरी येऊन चपला काढताना माझाच मला राग आला, आणि त्याहून जास्त हसू आलं, कारण तुम्ही तिथे असतात तर म्हणाला असतात, "डाक्टर, कप तं खाली ठेवा, लोकां बगतात."

म्हणून लिहायला बसलो आहे. जे तुमच्यासमोर बोलायला हवं होतं ते आता लिहितोय. उशीर झालाय हे मला माहीत आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात ती वेळ दुपारची होती, तळ्याजवळच्या माझ्या दवाखान्यातली गर्दी ओसरल्यानंतरची. ती वेळ तुम्ही मुद्दाम साधली होतीत. बाकावर न बसता सरळ आत आलात आणि दार लोटून घेतलंत.

"डाक्टर, मना दम लागतो. पन कोनाला कलता कामा नाय."

मी विचारलं, का?

"मी धवलारीन हाय. दम लागनारी धवलारीन कोन बोलावंल?"

मी पनवेल गावातला, पांढरपेशा. तुमच्याकडच्या लग्नात भटजीपेक्षा धवलारणीचा मान मोठा, हळदीपासून प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं, देवांना आणि पूर्वजांना मांडवात तीच बोलावते, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. मी नळी छातीला लावली आणि म्हणालो, "आत शिट्टी वाजतेय."

"ती तं मना पन आयकू येते. सुरात नाय, म्हनून तं आली."

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या आवडत्या पेशंट झालात. डॉक्टरने असं म्हणू नये. मी नेहमीप्रमाणे कार्ड काढलं आणि लिहायला लागलो. तुम्ही मान वाकडी करून बघितलंत. "माझा गुपित लिवताव?" मी म्हणालो, पुढच्या वेळी मला आठवायला हवं ना. तुम्ही जरा विचार केलात. "मंग लिवा. पन पेटीला कुलूप लावा."

ती कार्डांची पत्र्याची पेटी मी खरंच कुलपात ठेवायला लागलो. वीस वर्षं तुमच्या छातीचा सगळा हिशेब त्या कार्डावर होता: कुठल्या महिन्यात त्रास वाढतो, कुठल्या गोळीने हात थरथरतात, पंप दिवसातून किती वेळा लागतो. पंप तुम्ही पानाच्या चंचीत ठेवायचात. मांडवाच्या मागे जायचं, पान खाल्ल्यासारखं करायचं आणि फवारा ओढून परत यायचं. बायकांना वाटायचं, पदूबाईंना पानाचं भारी वेड.

एकदा माझ्या दवाखान्यातल्या बाईंच्या मुलीच्या लग्नात मी तुमचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. सगळे गाणं ऐकत होते, मी एकटा तुमचा श्वास मोजत होतो. तुम्ही ओळ म्हणायचात, मागच्या दोघी ती उचलून ओढायच्या आणि तेवढ्यात तुम्ही श्वास भरून घ्यायचात. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "त्या दोघी नसत्या तर तुमचं अवघड होतं."

"त्या दोघी नसत्या तं मी गायलीच नसती. मी काय येरी हाय, येकटीनं गायला?"

तुम्ही तुमच्या छातीला सांभाळत चाळीस गावांची लग्नं लावलीत. मला त्याचा अभिमान वाटायचा, जणू ती लग्नं मीच लावली.

मग विमा आला. तो काही एकाएकी आला नाही. आधी बंदरावर नोकरी लागलेली मुलं आली, मग जमिनीचे पैसे आलेले लोक आले, आणि हळूहळू माझ्यासमोर बसलेला माणूस दुखणं सांगण्याआधी माझ्या पेनाकडे बघायला लागला. "डॉक्टर, शुगर दोन महिन्यांपासून आहे असं लिहा." "डॉक्टर, आधीचं काही लिहू नका, क्लेम अडकतो." पूर्वी मी लिहायचो ते मला आठवावं म्हणून. आता लिहिताना मनात यायचं, हे उद्या कोणी तिऱ्हाईत वाचेल आणि काय म्हणेल. मी हुशार होतो. लोकांना उपयोगी पडायची हौस होती. कोणता शब्द लिहिला की कंपनी पैसे देते आणि कोणत्या शब्दाने अडवते हे मी पटकन शिकलो, आणि लोक म्हणायचे, डॉक्टर माणूस चांगला. मलाही तसंच वाटायचं.

तुमचा हरेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या गोदामात लागला त्याच वर्षी तुम्हाला घेऊन आला. बरोबर विम्याचा एजंट. अर्जाच्या एका पानावर फॅमिली डॉक्टरने लिहून सही करायची होती: आधीचा कोणताही आजार आहे काय? हरेश समोर होता. त्याला तुमचा दमा माहीत नव्हता, त्याच्या लेखी तो खोकला होता. तुम्ही त्याला म्हणालात, "हरेश, जरा भायेर जा. बाईमानसाचा काय तरी हाय." एजंटही उठून गेला. दार लागलं.

इथे मला थांबून नीट लिहायचं आहे, कारण सगळी गोष्ट या पाच मिनिटांत घडली.

तुम्ही म्हणालात, "डाक्टर, लिवा दमा हाय म्हनून. पोराचं पैसं जातील. मंग पोरगा बोलंल, आईनं फसवला."

मी म्हणालो, "लिहिलं तर पॉलिसीच देणार नाहीत."

"नाय देनार तं नाय देनार. तुमी खरा हाय ते लिवा. हरेशला मी सांगन."

"पदूबाई, तुम्हाला यातलं कळत नाही. मी बघतो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, पण त्या वेळी मोठ्या वाटलात. "तुमाला कलते ना? मंग झाला," एवढंच म्हणालात. मी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. शिवाय बजावलं, की यापुढे कुठल्याही हॉस्पिटलात कोणी कागदावर लिहून घेताना दम्याचं विचारलं, तर नाही म्हणायचं. तुम्ही मान हलवलीत. मी सांगितलेलं औषध तुम्ही कधी चुकवलं नव्हतं, तसंच हेही पाळलंत.

तुम्ही घरी गेल्यावर मी नवं कोरं कार्ड काढून त्यावर तुमचं नाव लिहिलं. सर्दी, गुडघेदुखी, अधूनमधून खोकला. जुनं कार्ड घरी आणून कपाटात ठेवलं. फाडलं नाही. का फाडलं नाही ते माझं मला सांगता येत नाही. बरीच वर्षं गेल्यावर विम्याच्या धंद्यातल्या एकाने मला गप्पांत सांगितलं, की दमा लिहिला असता तरी पॉलिसी बहुधा मिळाली असती. हप्ता थोडा जास्त पडला असता, दम्यासाठी काही वर्षं थांबावं लागलं असतं, एवढंच. माझी हुशारी इतकीच होती.

तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हाही मी शहाणपण केलं. दोन वर्षं थांबा, मग तो विम्यात बसेल. तुम्ही थांबलात. तांदूळ निवडताना खडे दिसेनात, तरी थांबलात. दोन वर्षांनी डोळ्यांच्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली. तुमच्याविषयी मी लिहिलेली ती सगळ्यात छोटी चिठ्ठी असेल. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब जास्त आहे म्हणून ऑपरेशनच्या आधी थेंब लिहून दिले. त्या बाई कामाला चोख होत्या. थेंब देण्याआधी त्यांनी विचारलं, "आजी, दमा आहे का?" तुम्ही म्हणालात, नाही.

डोळ्यात टाकायचे ते थेंब दम्याच्या माणसाला चालत नाहीत. डोळ्यातून अंगात उतरतात आणि श्वासाच्या नळ्या आवळतात. वर आपला पंपही धड काम करू देत नाहीत. हे मला माहीत होतं. थेंबांची बाटली घेऊन तुम्ही माझ्याकडे आला असतात तर मी ती हातातून काढून घेतली असती. पण तुम्ही चौथ्या दिवशी एका लग्नाला गेलात.

मी तिथे नव्हतो. तुमच्या मागे गाणाऱ्या दोघींपैकी थोरल्या बाईंनी मला नंतर सांगितलं. सकाळची हळद होती. तुम्ही ओळ म्हणालात, त्यांनी ती उचलली, ओढली, संपवली, आणि तुमची पुढची ओळ आली नाही. त्यांना वाटलं विसरलात. त्यांनी तीच ओळ पुन्हा ओढली. तुम्ही चंची उघडून सगळ्यांच्या देखत पंप तोंडाला लावलात. त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तो पंप पाहिला. एकदा, दोनदा, पाच वेळा ओढलात. नवरीच्या अंगाला हळद तशीच अर्धी राहिली आणि तुम्हाला गाडीत घातलं.

हॉस्पिटलच्या तातडीच्या खोलीत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, धड बोलता येत नव्हतं तरी सांगितलंत: वीस वर्सं हाय दमा. तिथे तुम्ही माझं ऐकलं नाहीत म्हणून वाचलात. सहा दिवस काचेच्या खोलीत होतात. बाहेर हरेशसोबत बाकड्यावर बसून मी प्रत्येक दिवस काढला. तो मला म्हणत होता, "डाक्टर, तुमाला पन नाय सांगितलं आईनं?" आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवणं हे उत्तर नसतं, पदूबाई. पण त्याने ते उत्तर समजून घेतलं.

बिल घरच्यांनी भरलं, कारण कंपनीने क्लेम अडवला. काही दिवसांनी कंपनीचा तपासनीस दवाखान्यात आला. सभ्य मुलगा होता, हेल्मेट बाहेर ठेवून, चपला काढून आत आला. त्याने विचारलं, "डॉक्टरसाहेब, पेशंटला दमा असल्याचं तुम्हाला माहीत होतं का?"

मी नवं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, "मला कधी सांगितलं नाही."

मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो, की ते तुमच्या क्लेमसाठी बोललो. जुना दमा सिद्ध झाला नाही तर कदाचित पैसे मिळतील. हे खरं नाही. तुम्ही स्वतःच हॉस्पिटलात वीस वर्षं सांगून बसला होतात, क्लेम जाणारच होता. माझी सही अर्जावर होती. मी माझं रजिस्ट्रेशन वाचवत होतो. त्या मुलाने कार्डाचा फोटो काढला, आभार मानले आणि गेला.

मग हरेशच्या नावाने पत्र आलं. रुग्णाने आजार लपवला, आपल्या कौटुंबिक डॉक्टरांपासूनही लपवला. आठवड्याने तुम्ही आलात, त्याच दुपारच्या वेळी. मी खुर्चीतून उठलोच. तुम्ही म्हणालात, "पत्रात तुमचा नाव हाय. पोरानं वाचून दाखवला. मी बोलली, हो, नाय सांगलं मी डाक्टरला."

मी म्हणालो, "का असं बोललात?"

"तुमचा दवाखाना बंद झाला तं मी कुठं जाऊ? नवा डाक्टर बगायचा, त्याला पुन्ना पयल्यापासून सगला सांगायचा. माझ्याच्यानं नाय होनार." आणि हसलात. नंतर म्हणालात, "बगा जरा, शिट्टी हाय का अजून."

मी नळी लावली. नळी कानात असली की डॉक्टरला गप्प राहता येतं.

त्यानंतर तुम्ही आठ वर्षं येत राहिलात. पण एक फरक झाला होता, तो आपण दोघांनी कधी बोलून दाखवला नाही. मी पेन उचललं की तुम्ही थांबायचात. पेन खाली ठेवलं की पुन्हा सुरू. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, लिहू तरी द्या, औषधाचं आहे." तुम्ही म्हणालात, "लिवा ना. मी कुठं धरलाय तुमचा हात?" पण बोलला नाहीत. शेवटी मी पेन खणात टाकून बसायला लागलो, तेव्हा कुठे सुनेचं बाळंतपण, नातवाचा मोबाईल, कोकमाची साल, सगळं पूर्वीसारखं यायला लागलं. मला वाटतं तुम्ही मला तेवढीच शिक्षा दिलीत, आणि तीही अर्धीच.

बाकीची शिक्षा तुम्ही भोगलीत, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. लग्नांची बोलावणी कमी झाली. दम्यामुळे नव्हे, लोक म्हणायचे, देवाला हाक मारणारी बाई, आणि घरच्यांना फसवते? घरात तुम्ही गुडघा दुखतो म्हणालात तर सूनबाई वनिता म्हणायची, "आधी डाक्टरला तरी खरा सांगा हो आई." ती वाईट मुलगी नाही. तिने जे ऐकलं तेच धरून चालली. एकदा ती हे माझ्या समोर म्हणाली. मी तुमचा गुडघा वाकवून बघत होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, मला त्रास होऊ नये म्हणून. हे मला कळलं होतं, पदूबाई. कळूनही मी मलम लिहून दिलं.

गेल्या वर्षी मी दवाखाना बंद केला. आता माझ्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा आत्ताचं हे धाडस स्वस्तातलं आहे, हेही लिहून ठेवतो. तुम्ही असताना बोललो असतो तर त्याला काही किंमत होती. दर भेटीत वाटायचं, आज हरेशला बोलवून सांगू. मग तुम्ही हसायचात, आणि मला वाटायचं, यांनी मनातून काढून टाकलंय, आपण कशाला उकरून काढायचं. तुमच्या चांगुलपणाचा मी असा फायदा घेतला. परवाच्या आधीच्या पंधरवड्यात तुम्ही जेवून आडव्या झालात आणि उठला नाहीत, आणि माझी उद्याची सोय संपली.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी जुनं कार्ड घेऊन तुमच्या घरी गेलो. हरेश ओट्यावर होता. वनिता दारात. मी सगळं सांगितलं, अर्जापासून तपासनीसापर्यंत. हरेशने कार्ड हातात घेतलं. माझं अक्षर त्याला लागेना, म्हणून मीच तारखा वाचून दाखवल्या. वीस वर्षांच्या. पाचसहा वाचल्यावर तो म्हणाला, "बस करा."

त्याने कार्ड मला परत दिलं. मग म्हणाला, "मी आईशी दोन महिने बोललो नव्हतो. पत्र आला तेव्हा. तुमाला माहीत हाय?"

मला माहीत नव्हतं. तुम्ही मला सगळं सांगायचात, हे तेवढं सांगितलं नव्हतं.

मी माफी मागायला लागलो. त्याने हात वर केला. "मना नका सांगू, डाक्टर. आईनं ज्यांच्यासमोर मान खाली घातली त्यांच्यासमोर बोला. गावात बोला. मी तुमच्या बाजूनं एक शब्द बोलनार नाय." वनिता पदराचं टोक दातात धरून उभी होती. मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्याबद्दल काय सांगायच्या आई?"

मी म्हणालो, "बाळंतपणानंतर तुला झोप मिळत नव्हती, तर त्या माझ्याकडे तुझ्यासाठी औषध मागायला आल्या होत्या. म्हणाल्या, माझा दमा राहू दे, आज सुनेचं बघा." ती मागे वळली आणि आत गेली.

रविवारी देवळाच्या सभामंडपात तुमच्या महिला मंडळाने शोकसभा ठेवली आहे. मी त्यांच्याकडून दहा मिनिटं मागून घेतली. हे कागद घेऊन जाणार आहे. तुमच्या मागे गाणाऱ्या त्या दोघी पुढे बसतील, साखळीवाले गृहस्थही असतील. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे, की या बाईने डॉक्टरपासून काहीही लपवलं नाही. तिने ‘खरं आहे ते लिहा’ म्हटलं होतं. लपवलं ते डॉक्टरने, आणि नाव तिच्यावर घातलं. मध्येच आवाज जाईल. तुमच्यासारखी माझी ओळ मागून उचलून ओढणारं कोणी नाही.

आज सकाळी हरेशचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. म्हणाला, "रविवारी चार वाजता गारी पाठवतो. उनात चालत येऊ नका."

मी म्हणालो, "राहू दे रे, मी रिक्षाने येईन."

"मी नाय पाठवत. आई आसती तं तिनं पाठवली आसती, म्हनून पाठवतो. आईची गारी समजा. माझी नाय."

मी बरं म्हटलं. फोन ठेवण्याआधी तो थांबला आणि म्हणाला, "सगला बोला. मधी गाळू नका काय."